अंजिरी साडी आणि आमची दुकानातली मराठी

२०१८ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. साड्यांच्या रंगातलं मला सगळं कळतं असं मी तेव्हा म्हणत होतो, आताही म्हणतो.

आम्ही मूळचे रंगारी. किती पिढ्यांमागे म्हैसूरला आलो ते घरात कुणालाच नीट ठाऊक नाही. शाळा मी तिसरीपर्यंत शिकलो, तीही कन्नड. मराठी वडिलांनी पाटीवर शिकवली. दुकान लहान. जुन्या रेशमी साड्या घ्यायच्या, गडद रंगात काढायच्या, पॉलिश करून विकायच्या. साडी जुनी आहे हे मी लपवत नाही. बाकीचं गिऱ्हाइकाने बघून घ्यावं.

दुकानात आम्हा नवराबायकोची एक रीत होती. गिऱ्हाइकाशी कन्नड, आपसात मराठी. मी पुढे भाव करायचा आणि बायकोने मागे मशीनवर फॉल शिवता शिवता म्हणायचं, "हिरवीवरून नजर हलत नाही तिची, उतरू नका." नाहीतर, "ही उठणार बघा, दोनशे सोडा." गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा-म्हातारी घरचं काहीतरी कुरकुरतायत. माझ्या वडिलांनीही हेच केलं. यात मला कधी काही गैर वाटलं नाही. बाजारात जो तो आपलं बघतो. मला जे कळतं ते मी हात भाजून शिकलो, ते फुकट का वाटू?

आता त्या साडीचं सांगतो. बायको बेट्टदपुरला बहिणीकडे गेली होती. मी एकट्यानेच साडी रंगात घातली, आणि पाण्याला वाफ धरते न धरते तोच गॅस संपला. दुसरा सिलिंडर उद्या येणार होता. थांबायला पाहिजे होतं. रेशमाला रंग वरून लागतो लवकर, पण चांगली अर्धापाऊण तास आच मिळाल्याशिवाय आत बसत नाही. वरून अंजिरी इतका सुरेख दिसला की मी साडी बाहेर काढली. धुताना पाणी लाल झालं. ते पाणी मोरीत ओतलं, साडी वाळवली, पॉलिश केली आणि दर्शनी टांगली. बायको परत आल्यावर तिलाही बोललो नाही. असं मी जन्मात कधी केलं नव्हतं असं लिहिणार होतो. पण लिहीत नाही.

आठ दिवसांनी दुपारी एक बाई आली. पस्तिशीची, खांद्याला ऑफिसची बॅग. कन्नड चांगलं बोलत होती, जरा पुस्तकी, म्हणून मी तिला मंगळूरकडची समजलो. तिने सरळ अंजिरीलाच हात घातला.

"बण्ण गट्टि इदेया, अंकल?" रंग पक्का आहे ना, असं विचारलं तिने.

"गट्टि," मी म्हणालो. "तीस वर्षं नेसा."

भाव सांगितला बत्तीसशे. ती म्हणाली दोन हजार. मी हसलो, साडीची घडी घालायला लागलो. मागून बायको म्हणाली, "अहो, फार ताणू नका. चोवीसशेला पडली तरी सुटलो आपण. त्याच्या खाली मात्र नको."

"तू सुम्ने गप्प बस," मी म्हणालो. "ही तीन हजार देतीय. चप्पल बघ तिची."

बाईने साडीवरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "एरडु साविरद नानूरु." दोन हजार चारशे.

मी एकोणतीसशेवर आलो, सत्तावीसशेवर आलो. ती चोवीसशेवरून हलेना. रुपया वर नाही, रुपया खाली नाही. बायकोने मशीन थांबवलं. शेवटी मी साडी पिशवीत घातली, तिने पैसे फोनवरून टाकले, आणि पायरी उतरता उतरता वळून म्हणाली, "काका, चप्पल साधीच आहे हो. सेलमधली."

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. "अय्यो! अगं, आपली मराठी तू! आधी बोलायचं नाही का?"

"आधी बोलले असते तर चोवीसशे कुणी सांगितलं असतं, काकू?"

मला राग आला. मी म्हणालो, "ही फसवणूक झाली, बाई. तुम्ही आमचं बोलणं ऐकत होता."

"तुम्ही मोठ्याने बोलत होता, काका."

बायकोने तिला आत बोलावून पाणी दिलं. ती साताऱ्याची, दहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलेली. राहायची चामराजपुरमला, स्टेशनच्या मागे, खाली शिंपी आहे त्या घरात. उद्या संध्याकाळी आईची पंचाहत्तरी. नातेवाईक गावाहून आलेले. आईने अंजिरी साडीचा हट्ट धरलेला, लग्नातली तशी होती म्हणून. मग ती सहज म्हणाली, "आई कोरी साडी नेसतच नाही. नवी असो, जुनी असो, पाण्यातून काढल्याशिवाय अंगाला लावत नाही. उद्या पहाटेच बादलीत घालेल बघा."

मला ते मोरीत ओतलेलं लाल पाणी आठवलं.

तिथेच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण मी सांगणार काय? आताच भावात तिने मला चीत केलेलं. आता मी म्हटलं असतं, बाई, रंग कच्चा आहे, साडी परत द्या, तर ती काय समजली असती? म्हातारा हरला, म्हणून साडी काढून घेतोय. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच समजलो असतो. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला एक सांगून बायकोला दुसरं सांगितल्यावर माझं खरं बोलणं ओळखायचं कसं, हे मलाच सांगता आलं नसतं. मी तोंड मिटलं. ती गेली.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, "त्या साडीचा रंग कच्चा आहे."

तिने तांदूळ निवडता निवडता वर बघितलंसुद्धा नाही. "भाव पडला म्हणून आता रंग कच्चा झाला होय?"

"अगं, खरंच. गॅस संपला होता, तू बेट्टदपुरला होतीस तेव्हा."

"मग आठ दिवस का नाही बोललात?"

ज्या बाईबरोबर चाळीस वर्षं दुकान चालवलं, जिला माझ्या प्रत्येक भावाचं मूळ ठाऊक, तिलासुद्धा मी हे सांगितलं नव्हतं. तिलाही मी गिऱ्हाईकच केलं होतं. ती म्हणाली, "जाऊ नका तिकडे. हसतील लोक. पोरीने चोवीसशेला साडी नेली म्हणून म्हातारा दारात येऊन बसला म्हणतील."

हसतील, हे खरंच होतं. नाही गेलो तर ते लाल पाणी एका पंचाहत्तर वर्षांच्या बाईच्या बादलीत उतरणार होतं, तिच्या सगळ्या माणसांदेखत. गेलो तर माझ्या तोंडाने माझ्या घराण्याचा रंग कच्चा म्हणायचं. रंगाऱ्याने. मी इकडून तिकडे चकरा मारत राहिलो. बायको म्हणाली, फरशी झिजेल.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आत उठलो. रंगाची पुडी घेतली, तो रेशमात धरायला लागतं त्या ॲसिडची छोटी बाटली घेतली आणि शिंप्याच्या घराचा जिना चढलो. दार तिच्या आईनेच उघडलं. हातात साडी होती, मागे नळाखाली बादली भरत होती. मी म्हणालो, "ताई, थांबा." बाई आतून आली, मला बघून तिचा चेहरा आवळला. मी काही समजावत बसलो नाही. खांद्यावरच्या पंच्याचं टोक त्या बादलीत भिजवलं, पदराच्या आतल्या बाजूला दाबून दोनदा घासलं आणि दोघींसमोर धरलं. पांढरा पंचा लाल झाला होता.

"दुपारपर्यंत पक्की करून आणतो," मी म्हणालो.

"आणि नाही आणलीत तर?" बाई म्हणाली.

आई म्हणाली, "इथंच करा की मग. पातेलं आहे अंघोळीच्या पाण्याचं."

आजवर आमचा रंग मी परक्या डोळ्यांसमोर केला नव्हता. पातेलं गॅसवर चढवलं, पुडीतला रंग घातला, साडी आत सोडली. ढवळायला काठी नव्हती, बाईने जुन्या झाडूचा दांडा धुऊन दिला. ती शेजारी उभी राहून विचारत होती, ॲसिड किती, कधी घालायचं, पाणी उकळू द्यायचं का, झालं हे कळतं कसं. मी दांडा फिरवत होतो आणि एकेक सांगत होतो, मराठीत.