तिसऱ्या दालनातल्या बाई येलेत्सला जातात

बसून बसूनही माणूस दमतो, हे लोकांना पटवून देण्याचा नाद फाईना येगोरोव्नाने केव्हाच सोडला होता. व्होरोनेझच्या चित्रसंग्रहालयात, तिसऱ्या दालनात, ती एकोणीस वर्षं चित्रांची राखण करत एकाच खुर्चीवर बसत आली होती. संध्याकाळी घरी येऊन ती पाय गरम पाण्यात सोडायची तेव्हा जावई न चुकता विचारायचा, "काय सासूबाई, आज किती किलोमीटर बसलात?" जावई मनाने बरा होता, पण त्याच्या विनोदांना आता पेन्शन द्यायला हवी होती.

तिच्या खुर्चीच्या बरोबर समोर एक मोठं चित्र होतं. सोस्ना नदी, अलीकडच्या काठावर वाळलेलं तपकिरी गवत, आणि त्या गवतातूनच उगवल्यासारखं पलीकडचं येलेत्सचं मोठं चर्च. मध्ये एक घर नाही, एक भिंत नाही. गवत, पाणी आणि एकदम चर्च. लोक यायचे, मान तिरकी करून बघायचे आणि विचारायचे, "खरंच असं दिसतं का हो तिथं?"

"अगदी असंच," फाईना सांगायची. तेही अशा आवाजात, की जणू त्या चर्चचा पाया तिच्या आजोबांनी खणला होता.

आता खरी गोष्ट अशी, की बाईंनी येलेत्स पाहिलंच नव्हतं. बसने जेमतेम अडीच तासांवर! पण लांबच्या गावाला जायला माणूस रजा काढतो, जवळच्या गावाला 'जाऊ कधीतरी' म्हणतो, आणि ते 'कधीतरी' एकोणीस वर्षं खुंटीला टांगलेलं राहतं.

ऑक्टोबरात एक ओल्या टोपीचा माणूस आला. चित्राकडे बघून तो चक्क हसला.

"काकू, मी येलेत्सचा. या नदीकाठावरनं रोज कामाला जायचो. तिथनं असं काही दिसत नाही. मध्ये घरं आहेत, कुंपणं आहेत, कोंबड्यांची खुराडी आहेत. तुमचा चित्रकार पक्का थापाड्या!"

"अगदी असंच दिसतं," फाईना सवयीने म्हणाली.

"तुम्ही गेला आहात?"

एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. फाईनाने उत्तर म्हणून फक्त "चित्रापासून लांब उभे राहा" एवढंच सांगितलं. पण त्या दिवसापासून 'अगदी असंच' हे दोन शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकायला लागले. कुणी विचारलं की ती नाक शिंकरायला रुमाल काढायची. थापाड्या चित्रकार कधीच मरून मोकळा झाला होता. थाप तर रोज ती स्वतःच मारत होती, तीही सरकारी पगारावर.

शेवटी तिने नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सुट्टी घ्यायची ठरवलं. चौथ्या दालनात मडकी सांभाळणाऱ्या लुक्यानोव्नाला तिने दोन्ही दालनांवर लक्ष ठेवायला सांगितलं.

"येलेत्स? कुणाबरोबर?"

"एकटी."

"ते कळलं गं. पण कुणाबरोबर?"

"अगं, एकटी म्हणजे कुणाबरोबर नाही!"

"मग तुझा फोटो कोण काढणार?" लुक्यानोव्ना खरोखर काळजीत पडली. "आणि या वयात एकटी बाई गावं बघत फिरली, तर लोक म्हणतील हिला घरातून काढलं."

बुधवारी सकाळी निघण्यापूर्वी फाईना रिवाजाप्रमाणे प्रवासासाठी घडीभर बसली. घरातून निघताना क्षणभर गप्प बसलं की वाट सुखाची होते, हे तिकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. बाकीचे लोक अर्धं मिनिट बसतात. पण बसणं हा फाईनाचा पेशा. ती दारातल्या स्टुलावर अशी काही बसली, की मुलगी झोयाने येऊन हलवलं तेव्हा तिला डुलकी लागलेली.

"आई, बस सुटेल ना! एवढं दमायला होतंय तर जातेस कशाला?"

"जाऊन आले की सांगते," फाईना म्हणाली आणि उकडलेली अंडी, पाव आणि चहाचा थर्मास घेऊन निघाली.

ती येलेत्सला उतरली तेव्हा अकरा वाजले होते आणि आभाळ जुन्या चादरीसारखं मळकट झालं होतं. चित्रातल्या गवताच्या काठावर, म्हणजे नदीपलीकडे, जायचं तर चढ-उतारांची अर्धा-पाऊण तासाची वाट होती. निम्म्या वाटेवरच तिच्या टाचा बोलायला लागल्या. तेवढ्यात डाव्या हाताला एक छोटं संग्रहालय दिसलं. गावच्या बायकांनी विणलेल्या लेसचं, इनमिन दोन खोल्यांचं. संग्रहालयात काम करणाऱ्याला दुसऱ्या संग्रहालयात फुकट प्रवेश असतो, आणि आत रेडिएटर असतो. दहा मिनिटं पाय शेकावेत आणि पुढे जावं, असा तिचा हिशेब. फरशी मळू नये म्हणून दारात ठेवलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या बुटांवर चढवून ती आत गेली.

खोलीत कुणी नव्हतं. कोपऱ्यात, रेडिएटरला लागून, राखणदार बाईची खुर्ची रिकामी होती. पाठीला विणलेली उशी होती, पाय टेकवायला छोटी फळी होती. दुसरं कुणी असतं तर बाकड्यावर बसलं असतं. फाईना मात्र घोडा तबेल्यात शिरावा तशी सरळ त्या खुर्चीत जाऊन बसली.

आणि तिथेच घात झाला. पाच मिनिटांत शाळेतल्या तीस पोरांची झुंड आत शिरली. एकीने लेसच्या पडद्याच्या भोकातून बोट घातलं.

"हात मागे!" फाईनाच्या तोंडून आपोआप निघालं. "सगळ्यांनी! भिंतीला टेकायचं नाही. च्युइंगम खिशात नाही, कागदात!"

तीस पोरं हात मागे बांधून उभी राहिली. त्यांची शिक्षिकासुद्धा. आणि नेमकी त्याच वेळी खरी राखणदार बाई, गालाला शाल गुंडाळलेली, चहाचा कप घेऊन दारात आली. एवढी शिस्त बघून तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं.

"तू कुठली गं बाई?" पोरं गेल्यावर तिने विचारलं. तिचं नाव निनेल पावलोव्ना.

"व्होरोनेझ. तिसरं दालन."

"देवानेच धाडलंय तुला! दाढ बघ कशी सुजलीय. दाताच्या डॉक्टरकडे बारा वाजताचा नंबर आहे, आणि खोली सोडून जायची कशी? पंधरा मिनिटं बस. गेले आणि आले."

"अहो, पण मला नदीपलीकडे—"

"नदी कुठे पळून जातेय?" असं म्हणत निनेलने कोट चढवला, आणि बाई दिसेनाशी झाली.

आता तुम्ही म्हणाल, उठून जायचं! पण माणूस घर सोडेल, नवरा सोडेल, भरलेली खोली राखणदाराशिवाय सोडणार नाही. फाईनाने एकदा गुडघ्यांवर हात ठेवले, उठण्यासाठी म्हणून, आणि पुन्हा मांडीवर घेतले. एक वाजला. दोन वाजले. एका म्हाताऱ्या जोडप्याने विचारलं, "ही लेस खरंच हातानं विणतात का हो?" फाईनाच्या जिभेवर 'अगदी हातानंच' आलं होतं. ते तिने गिळलं आणि म्हणाली, "मी इथली नाही." जोडप्याने तिच्याकडे, तिच्या खुर्चीकडे आणि पाठीमागच्या उशीकडे बघितलं, आणि ते पुढच्या खोलीत गेले.

खिडकीतला उजेड फिकट होत चालला. नोव्हेंबरात तिकडे चारच्या पुढे दिवसाचा भरवसा नसतो. तिला रडू यायला लागलं, पण रडायलाही ताकद लागते. एकोणीस वर्षांत एक दिवस खुर्चीतून उठले, आणि तोही दुसऱ्याच्या खुर्चीत बसून घालवला, असं तिच्या मनात आलं.

सव्वातीनला निनेल पावलोव्ना कापसाचा बोळा दातात धरून आली. हातात कोबी भरलेल्या छोट्या पावांची, पिरोझक्यांची, गरम पुडी.

"रांगेत एक बया घुसली. 'मला फक्त एक गोष्ट विचारायचीय' म्हणाली आणि आत जाऊन तिनं तीन दाढा काढून घेतल्या! रागावलीस?"

"रागवायचं म्हणजे उभं राहायला पाहिजे," फाईना म्हणाली. "पाय उठेनात."

निनेलने तिला हात धरून उठवलं, पुडी खिशात कोंबली, आणि पुलाची जवळची वाट सांगितली. फाईना निघाली. पळत म्हणता येणार नाही. पण बदक घाईत असलं तर जसं चालेल तशी. पायातल्या निळ्या पिशव्या काढायच्या राहिल्या होत्या, त्या फरफर वाजत होत्या.

पलीकडच्या काठावर पोचली तेव्हा चार वाजायला आले होते. तिने वळून बघितलं.

नदी होती. पलीकडे टेकडीवर चर्च होतं. आणि त्या दोहोंच्या मध्ये घरं होती, कुंपणं होती, पत्र्याची गॅरेजं होती, आणि हो, कोंबड्यांची खुराडीही होती. ओल्या टोपीवाला एकेक गोष्ट खरी बोलला होता.

फाईना चार पावलं इकडे सरकली, चार तिकडे. खुराडी हलली नाहीत. मग तिच्यातलं सगळं बळच सरलं. गवतात एक होडी पालथी टाकलेली होती. ती त्या होडीवर मटकन बसली, डोळे मिटले, पिरोझकीचा एक घास घेतला आणि डोळे उघडले.

घरं नव्हती. समोरचं वाळलेलं गवत तिच्या डोळ्यांच्या रेषेत वर आलं होतं. त्याआड कुंपणं गेली, गॅरेजं गेली, कोंबड्या गेल्या. उरलं होतं गवत, मधून चमकणारं पट्टीएवढं पाणी, आणि गवतातूनच उगवलेलं चर्च. ती घाईने उभी राहिली: खुराडी! बसली: चर्च! तीनदा उठली-बसली; गुडघ्यांनी शिव्या घातल्या, पण तिने ऐकलं नाही. चित्रकार थापाड्या नव्हता. बिचारा दमलेला होता. बसायला जिथे जागा मिळाली, तिथून त्याने चित्र काढलं. आणि टोपीवाला तर रोज कामावर चालत जाणारा माणूस. तो इथे बसणार कधी?

"ओ बाई!" मागून एक म्हातारा वल्हं घेऊन आला. "माझी होडी आहे ती! हात लावू नका, उठा!"

"हात लावलेला नाही," फाईना त्याच्याकडे न वळता म्हणाली. "बसलेय फक्त. कामावर आहे मी."

"कसलं काम?"

"उजेड आहे तोवर बसायचं. पिरोझकी घ्या, कोबीची आहे."

म्हाताऱ्याने तिच्या पायातल्या निळ्या पिशव्यांकडे नीट बघून घेतलं, पिरोझकी घेतली, आणि वेडीशी वाद नको म्हणून, किंवा त्याचेही पाय दुखत असतील म्हणून, शेजारी टेकला. अंधारात चर्च पुसून जाईपर्यंत दोघं तिथून हलली नाहीत.

गुरुवारी सकाळी तिसऱ्या दालनात एका बाईने मान तिरकी करून विचारलं, "खरंच असं दिसतं का हो तिथं?"

फाईना येगोरोव्ना खुर्चीतून उठली. एकोणीस वर्षांत कुणा पाहुण्यासाठी ती पहिल्यांदाच उठत होती. चौथ्या दालनाच्या दारातून लुक्यानोव्ना डोळे विस्फारून बघत राहिली.

"तुम्ही बसा इथं," ती त्या बाईला म्हणाली. "दमला असाल. बसूनच बघावं लागतं ते."