माईची मागची वाट

प्रिय ईरा आणि निहार,

विनूकाका अकोल्याची व्हॅन विकतो आहे. गिऱ्हाईक ठरलं आहे, पण त्याची एक अट आहे. मागे बंपरखाली जो चौकोनी लोखंडी पाइप बाहेर आलेला आहे, तो आधी कापून द्यायचा. येता-जाता नडगीला लागतो, असं त्याचं म्हणणं. लागतोच, माझ्याही नडगीवर त्याची खूण आहे. पण तो एकदा कापला गेला, की तो तिथे का होता हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. तुमची मोठी आजी, म्हणजे आमची माई, तुम्ही फोनच्या पडद्यावरच पाहिलीत. म्हणून पाइप जायच्या आत हे लिहून ठेवते.

माई माझी थोरली जाऊ. मी लग्नानंतर अमरावतीत राहिले, ती अकोल्याच्या घरात. तिच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस एका गोष्टीने चमकायचा. पाहुण्याची चप्पलसुद्धा जिथे पायरीच्या वर येत नसे, त्या घरात खुद्द मालकीण दिवसभर पायांत बाहेरच्या चपला घालून बसलेली असे. खुर्ची चाकांची, पाय निकामी, आणि चपलांचे तळ दुकानातून आणल्यासारखे कोरे. सून त्यांच्यावर रोज सकाळी ओलं फडकं फिरवी आणि सासूच्या पायांत सरकवी. कुणी विचारलंच तर माई म्हणे, "कोनी चाल म्हनलं तं वेळेवर चपला कोन शोधते?"

चाल म्हणणारं कुणी येत नसे, असं नाही. येत. पण ते तिला उचलायला बघत. पाय गेले तेव्हा दवाखान्याची लिफ्ट बंद होती म्हणून तिला चादरीत घालून चौघांनी जिन्याने खाली आणलं होतं. वाटेत पदर सुटला, आणि तिचे हात चादरीत अडकलेले. त्याबद्दल ती एकदाच बोलली, तेही माझ्याशी. त्यानंतर तिचा नियम झाला: "मले पोतं नका करू. मी सरकन, नाही तं बसन."

आणि ती सरकायची. जेवायला बसायचा जुना सागवानी पाट घासून गुळगुळीत करून घेतला होता. एक टोक खुर्चीवर, दुसरं पलंगावर, आणि माई हातांच्या जोरावर इकडून तिकडे. पुढे तुमच्या बाबाने विजेवर चालणारी खुर्ची घेऊन दिली, तेव्हा ती सबंध अंगणभर फिरू लागली. अंगणभर म्हणजे फाटकापर्यंत. फाटकापुढे चढ होता.

तो चढ पूर्वी नव्हता. समोरच्या रस्त्यावर आधी डांबर आलं, मग सिमेंट, मग त्या सिमेंटवर आणखी सिमेंट. दर वेळी रस्ता वर गेला आणि घर होतं तिथेच राहिलं. शेवटी नालीवरून रस्त्यावर जायला तिच्या मुलाने, विनूने, उभा उतार बांधला. गाडी नाक वर करून कशीबशी चढे. खुर्ची मात्र निम्म्यात मागे कलंडू लागे. "मी कुठी गेलीच नाही वो," माई मला म्हणाली, "बसल्या जागी खड्ड्यात गेली."

तिला जायचं होतं नांदगाव खंडेश्वरला, धाकट्या बहिणीकडे. कुसुमची आठवण हळूहळू विझत चालली होती. फोनवर चेहरा दाखवला तर ती कौतुकाने बघे आणि मुलाला विचारी, ही कोण बाई, कोणत्या मालिकेतली? माईने त्या दिवशी फोन पालथा घातला. "तिले मी टीव्हीतली बाई वाटतो. फोनात मानूस मावत नाही. मले तिच्या समोर जाऊन बसू दे, मंग पाहू कशी नाही ओळखत."

पाटावरून ती व्हॅनच्या पुढच्या सीटवर सरकली असती. प्रश्न खुर्चीचा होता. ती दुमडत नव्हती, व्हॅनमध्ये मावत नव्हती, आणि खुर्चीशिवाय तिकडे गेलं की पुन्हा चादर आली. निहार, तेव्हा तू मला एक चित्र पाठवलं होतंस, आठवतं? तिकडे परदेशात तुमच्याकडे गाडीच्या मागे एक लोखंडी फळी लावतात, तिच्यावर अशी खुर्ची चढवून बांधतात. सोबत इंग्रजीतली सूचनांची पानं होती. मी ती छापून घेतली, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या आणि अकोल्याची बस पकडली.

गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. ते म्हणाले, गाडी दुकानात लावा. माईने साफ नकार दिला. "दुकानात गेलेली गाडी अन् माहेरी गेलेली बाई, कवा येईन सांगता येते का? इथं करा, माह्या डोळ्यांपुढं." म्हणून काम अंगणात झालं. मी पानं वाचून मराठीत सांगत होते, सलीमभाई गाडीखाली उताणे, विनू पाने-हातोड्या देतोय, आणि माई खुर्चीत बसून तिघांवर देखरेख करते आहे. पेट्रोलची टाकी जवळ म्हणून सलीमभाईंनी जोडकाम गाडीपासून लांब, भिंतीपाशी केलं आणि तयार चौकट आणून खालून चेसिसला बोल्टांनी आवळली. त्या चौकटीच्या मधोमध तो चौकोनी पाइप. फळीचा दांडा त्यात सरकवायचा आणि आरपार खीळ घालायची. दांडा जरा खडखडत होता, तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो घट्ट केला.

"फळीवर तुमी पन बसा माई," सलीमभाई म्हणाले, "तुटनार नाही. जिम्मेदारी माही."

"मी पुढंच बसन. लगन लागलं तवापासून मागंच बसून राहिली मी."

मोकळी फळी वर उभी करून विनू पेट्रोल पंपापर्यंत चक्कर मारून आला. काही अडलं नाही. चारही बोल्ट पुन्हा आवळले, नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी माई पाटावरून सरकून पुढच्या सीटवर बसली. खुर्ची फळीवर चढवून पट्ट्यांनी बांधली. मी मागच्या सीटवर, मांडीवर डबा. विनूने गाडी उतारावर घेतली. नाक वर गेलं, आणि मागून असा आवाज आला की जणू कुणी अंगणच खरवडून काढतंय. खुर्चीच्या वजनाने गाडीचं बूड खाली बसलं होतं. लांबलचक फळी फरशीत रुतली, मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. ना पुढे, ना मागे. अर्धी गाडी रस्त्यावर, अर्धी अंगणात, आणि फाटक तिच्या दोन्ही कुशींना चिकटलेलं.

माई मान न वळवता मला म्हणाली, "तुह्या कागदात काय लिहिलं होतं?"

"गाडी सपाट जागी उभी करून काम करावं."

"सपाट जागी उभी केली. पन मंग जायचं कुठून, हे नाही लिहिलं?"

फळीवरची खुर्ची काढायची तर गाडी आधी हलायला हवी. गाडी इतकी तिरकी, की पाट ठरेना. आवाज ऐकून सलीमभाई दुकानातून धावत आले. विनू घामाघूम झाला. "आई, मी आणि सलीमभाई उचलून घेतो ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"हात नको लावू."

"अगं, पण उन्हात किती वेळ बसणार?"

"इतके वर्स सावलीत बसली न? काही झालं नाही मले."

सलीमभाई जॅक आणि फळकुटं आणायला गेले, आणि माई तिथेच बसून राहिली. गंमत अशी, की गाडीचं नाक रस्त्यावर आल्यामुळे ती पहिल्यांदाच रस्त्याच्या पातळीला आली होती. भाजीवाली थांबली, शेजारणी आल्या, कुणी खिडकीतून चहा दिला. "कुठी चालल्या माई?" "नांदगावले. पोचलीच समज." सगळ्या हसल्या, तीही हसली. मी मागून तिचा हात पाहत होते. तो दाराची कडी सोडत नव्हता.

जरा वेळाने ती बाजूच्या आरशात बघू लागली. आरशात घराच्या कडेची मोकळी जागा दिसत होती, तिच्या टोकाला मागचं अंगण, आणि त्यापलीकडे मागची भिंत.

या भिंतीमागे एक बोळ आहे. तिथे सिमेंट कधी पोचलं नाही, म्हणून ती अजून अंगणाच्याच पातळीला आहे आणि पुढे सावकाश चढत रस्त्याला मिळते. पूर्वी तिथे हापशी होती, बायका जमायच्या, आणि माई मागच्या अंगणातून सरळ त्यांच्यात जाऊन बसायची. थोरल्या भाऊजींना ते आवडत नसे. त्यांनी एका उन्हाळ्यात ती बाजू भिंतीने बंद करून टाकली. त्याबद्दल घरात बोलणं झालं नाही. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. ती भिंत आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की तिकडून वाट असू शकते, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

जॅकवर गाडी उचलून मागे घेतली, फळी सोडवली, माई पाटावरून आपल्या खुर्चीत आली. विनू पायरीवर बसला. "नाही जमत, आई. जाऊ दे."

माईने खुर्चीच्या हातावरची दांडी दाबली. खुर्ची घराच्या कडेने मागे गेली आणि भिंतीसमोर थांबली. आम्ही मागोमाग गेलो.

"हे पाडा," ती म्हणाली.

"आई, बाबांनी बांधलेली भिंत आहे ती."

"मले माहीत आहे कोनी बांधली. त्याईनं बांधली अन् पानी म्या मारलं. सकाळ-संध्याकाळ, बादल्या भरभरून. तसंच सांगितलं होतं मले." ती भिंतीकडे बघत राहिली. "तवाच कच्ची ठेवली असती, तं आज लाथेनं पडली असती."

दोन दिवसांनी गवंडी आला. भिंत सहज पडेल असं त्याला वाटलं होतं. दुपारपर्यंत तो छिन्नीला धार लावून थकला. "काय भिंत आहे जी! आजकाल असं काम होत नाही."

"माह्या हातचं पानी आहे," माई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की अभिमान, ते मला आजही ठरवता येत नाही. व्हॅन जाईल एवढी वाट पडेपर्यंत ती खुर्ची तिथून हलली नाही. धुळीने केस पांढरेच्या पांढरे झाले.

आम्ही मागच्या वाटेने निघालो. फळीवर खुर्ची, पुढे माई. बोळीतून गाडी पाण्यासारखी गेली. नांदगावला पोचेपर्यंत ती दोन्ही बाजूंची कपाशी बघत होती.

आणि कुसुमच्या दारात खुर्ची पुन्हा अडली. जुनं घर, उंबरठा गुडघ्याएवढा. भाचे उचलायला पुढे झाले, माईने हात वर केला. शेवटी त्यांनी आतून कुसुमचा पलंगच दारापाशी ओढला. दोघी बहिणी उंबरठ्याच्या दोन बाजूंना बसल्या. कुसुम बराच वेळ बघत राहिली. चेहऱ्यावर ओळखीचं काही नव्हतं. मग तिची नजर खाली गेली.

"नव्या चपला घालून आली," ती म्हणाली. "अन् बाहेरच बसली काय, गोदे?"

माईचं नाव गोदावरी. तिला गोदे म्हणणारं आता जगात ते एकच माणूस होतं.

"तुह्या दारानं अडवलं मले," माई म्हणाली. "माहं म्या पाडलं. तुहं तू पाड."

कुसुम खुदकन हसली. त्यानंतर तिने माईला दोनदा आई म्हटलं, एकदा कुणी शेजारीण समजली. माईने एकदाही दुरुस्त केलं नाही. तिचा हात उंबरठ्यावरून आत होता, निघेपर्यंत.

त्या दिवाळीआधी कुसुम गेली, आणि थंडी सरता सरता माई. मधल्या काळात ती आणखी कुठे फार गेली नाही. पण संध्याकाळी खुर्ची मागच्या वाटेने बोळीत नेऊन उभी करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायची. मी एकदा म्हटलं, माई, वाट मोकळी झाली, आता अमरावतीला या की. ती म्हणाली, "येईन न. पन आता घाई नाही. कोंडलेल्या मानसाले घाई असते."

तिला नेतानाही तिला कुणी चादरीत उचललं नाही. विनूने ते सांभाळलं, आणि नेलं ते मागच्या वाटेने.

खुर्ची गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना दिली. फळीवर सून पापड वाळवते. पाइप उद्या कापला जाईल. भिंतीतली वाट अजून आहे. विनूने तिला फाटक लावलेलं नाही.

तुमची आजी