समई दिसली म्हणून

हातातला चहा आधी खाली ठेवा, कारण हे मी अजून माझ्या मुलीलाही सांगितलेलं नाही.

ही गेल्यापासून मला एक सवय लागली आहे. मी शोकसभांना जातो. ओळखीच्या, अर्ध्या ओळखीच्या, कधी बिनओळखीच्यासुद्धा. का, विचाराल तर वर्ध्यातल्या माझ्या घरात दिवसभर बोलायला एक कुकर आहे, आणि तोही तीन शिट्ट्या झाल्या की गप्प. शोकसभेत निदान शेजारचा विचारतो, ‘तुमचे कोण होते?’ मी म्हणतो, ‘जवळचे मित्र.’ लोक सरकून जागा देतात. आणि गेलेला माणूस काही नाही म्हणायला येत नाही.

तर त्या रविवारी सकाळी मेथी घेऊन परतत होतो. चष्मा घरी राहिलेला. एका सभागृहाबाहेर चपलांची रांग दिसली. आत सतरंजीवर वीस-पंचवीस माणसं, बरीचशी पांढऱ्या खादीत, कोणी कोणाशी बोलेना. समोर टेबलावर एका माणसाचं मोठं चित्र, पुढे समई, उदबत्ती, झेंडूचा हार. फलकावरचं ‘देवीदास’ एवढं मोठ्या अक्षरातलं नाव मला वाचता आलं. आता यातून मी दुसरं काय समजणार होतो?

पिशवी दाराशी ठेवून हात जोडले. चित्रातला चेहरा निळा-काळा, गाल आत गेलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेवटी फार हाल झालेले दिसतात, मी मनात म्हटलं. त्यात समई विझलेली. मला ते बघवेना. बाजूलाच काडेपेटी होती, मी पाचही वाती लावल्या.

टाळ्या पडल्या.

शोकसभेत टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण चारही भिंतींवर चित्रं होती, म्हटलं कलावंत मंडळी आहेत, यांच्यात अशी पद्धत असेल. हार नुसताच पडला होता, तो उचलून चित्राला घातला. टाळ्या जरा कमी झाल्या.

तेवढ्यात एक बाई लगबगीने माइक घेऊन आल्या. “बरं झालं काकाजी, आले तुम्ही. आम्ही तासभरापासून तुमचीच वाट पाहून राह्यलो. दोन शब्द बोलून द्या.”

माझी वाट कोणी पाहिल्याला तीन वर्षं झाली होती. अशा वेळी शहाण्या माणसाने ‘मी कोण?’ असं विचारावं. मी माइक घेतला.

“देवीदास माह्या जिवाचा दोस्त होता,” मी सुरुवात केली. “रोज संध्याकाळी आम्ही संगच चहा पेत होतो. रोहणा गावच्या वावरात संग हुरडा खाल्ला. पण शेवटी लय एकटा पडला तो. फोन वाजला का धावत जाये, तर तो कंपनीचा निघे. सवयीनं दोन ताटं काढे अन् एक वापस ठेवून दे. त्याचा चेहरा पाहा. असा चेहरा एका दिवसात नाई होत.”

हे मी कोणाचं सांगतोय, ते बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. पण थांबता येईना. शेवटी कसाबसा म्हणालो, “त्याच्या आत्म्याले शांती लाभो. सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहावं.”

लोक एकमेकांकडे बघत उभे राहिले. मागच्या रांगेत एक सडपातळ म्हातारा तेवढा बसून होता. नखांत निळा रंग. त्याने हात वर केला.

“काकाजी, मीबी उभा राहू का? देवीदास मीच आहो.”

पुढचं त्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं. हे चित्रांचं प्रदर्शन होतं. उद्घाटनाचे पाहुणे जाम गावाजवळ गाडी बंद पडून अडकले होते आणि मला सगळे तेच समजले. सरस्वतीचा फोटो आणायचा राहिला, म्हणून चित्रकाराने स्वतःचंच काढलेलं चित्र समईमागे ठेवलं होतं. हार माझ्या गळ्यासाठी होता.

मी चपला शोधत पळालो. फाटकाशी त्याने मला गाठलं.

“तुमची मेथी राह्यली,” तो म्हणाला. मग पिशवी माझ्या हातात न देता उभाच राहिला. “घरी जो येते तो विचारते, चेहरा निळा काऊन केला. बायको गेली त्या साली काढलं ते. दोन ताटांचं तुमाले कसं कळलं?”

मी पिशवीसाठी हात पुढे केला. त्याने ती सोडली नाही.

“रोज चहा पेतो म्हणले ना आपण? मंग चला. आजचा राह्यला.”

त्या दिवसापासून एकही खाडा नाही. शोकसभा सुटल्या.

यंदा त्याचं नवं प्रदर्शन लागलं. त्यात एक चित्र आहे, दोन म्हातारे आणि मधे चहाचे दोन कप. समोर समई नाही, एवढं आधी पाहून घेतलं, मग चष्मा लावून जवळ गेलो. एका म्हाताऱ्याचे कान खांद्यापर्यंत लोंबलेले. दुसऱ्याला कानच नाहीत, कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं तोंड.

“माहे कान कुठं गेले?” मी विचारलं.

“वर्षभर पाह्यलं,” देवीदास म्हणाला. “तुम्ही वापरताना दिसले नाई.”