तोतरेपणाच्या शब्दांचं पान

छापखान्यात मुद्रितशोधकाला सगळे ‘कॉमा’ म्हणत, कारण बोलताना तो दर दोन शब्दांनी अडायचा. नाव पाडणाऱ्यांना फार मोठा विनोद केल्यासारखं वाटे. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. पण माणूस हसून घेतो म्हणजे त्याला लागत नाही, असं थोडंच असतं?

काम जोडीचं. समोरच्या बाई मूळ हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायच्या आणि हा छापील मजकुरावरून पेन्सिल फिरवायचा. वाचायची पाळी त्याने कधी घेतलीच नाही. इंग्रजी शब्दांच्या इतिहासाचा जाडजूड कोश असाच ‘एस’पर्यंत आला, आणि एका सकाळी त्याला मधलं एक पान गायब दिसलं. बाईंनी ते न वाचताच ‘तपासलं’ असा शेरा मारून खणात सरकवलं होतं.

विचारल्यावर त्या ओशाळल्या. “तुम्हाला वाईट वाटलं असतं,” म्हणाल्या.

पान ‘स्टॅमर’चं होतं, तोतरेपणाच्या सगळ्या शब्दांचा गोतावळा त्यात मांडलेला. जन्मभर लोकांनी याची वाक्यं मध्येच तोडून स्वतः पुरी केली होती. लग्नाच्या बोलणीतसुद्धा बापच बोलला. टिंगल करणाऱ्यांपेक्षा दया करणाऱ्यांचा त्याला जास्त राग येई, आणि तो राग आज पहिल्यांदा बाहेर पडला.

“आज म... मी वाचतो,” तो म्हणाला आणि बाईंच्या खुर्चीत जाऊन बसला.

‘स्टॅमर’ सगळ्यांत जुना. ‘फॅम्बल’ आणि ‘मॅफल’ही एके काळी याच अर्थाचे, आता त्यांना कुत्रं विचारत नाही. एका अडणाऱ्या जिभेला लोकांनी किती नावं पाडावीत! शब्द मेले, अडणं तेवढं राहिलं. त्याला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. आपल्यासारखी माणसं इतकी वर्षं बोलत आली आहेत म्हणायची.

वाचताना ‘मॅफल’पाशी तो अडला, तसे बाईंचे ओठ तो शब्द पुरा करायला आपसूक हलले. त्याने हात वर केला. त्यांनी ओठ मिटून घेतले.

मग ‘स्टट’, आणि त्यातून निघालेला ‘स्टटर’. तिथे जीभ अडली ती हलेना. पान न्यायला आलेला फोरमन त्याच्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, “अहो, स्टटर म्हणायचंय त्यांना. चला, आटपा.”

“थांबा,” बाई पानावरून नजर न काढता म्हणाल्या. “त्यांचं वाचन चालू आहे.”

फोरमन मागे सरून दारात उभा राहिला. शब्द यायला बराच वेळ लागला, पण तो त्याचा त्याने म्हटला.