तळोज्याच्या टपरीवरचं इंग्रजी

कराडहून सकाळी सहाच्या एसटीने निघाले आणि दुपारी पनवेल स्थानकावर उतरले, तेव्हा कंबरेचा काटा पार ढिला झाला होता. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईने पुन्हा खडू कशाला हातात घ्यावा, हा प्रश्न घाटात मी स्वतःला तीनदा विचारला. उत्तर एकच, वैशाली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत कामगार विभाग सांभाळते. "बाई, तीनच आठवडे या. आठ ऑपरेटर आहेत. नवे मॅनेजर इंग्रजीशिवाय बोलत नाहीत," असं तिने फोनवर सांगितलं आणि मी हो म्हणून बसले.

रिक्षावाल्याला म्हटलं, "तळोजा."

"कुठलं तळोजा? गाव, फेज, एमआयडीसी का जेल?"

"कंपनी."

"कंपन्या शंभर हायेत, मावशी."

त्याने मला आधी भलत्याच गेटवर नेलं. तिथल्या वॉचमनने दुसरीकडे पाठवलं. अर्धा तास धूळ आणि टँकर खात फिरल्यावर योग्य गेट सापडलं. हवेत एक आंबूस, जळका वास होता. संध्याकाळी वैशालीच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटवर गेले, तर तिने दिवे लावण्याआधी खिडक्या लावून घेतल्या. "वारा तिकडून आला की वास येतो. तक्रारी करून थकलो," ती म्हणाली आणि भात लावायला गेली.

वर्ग कंपनीच्या कँटीनमध्ये, दुपारी तीन ते पाच. वैशालीने आठही जणांना तीन आठवडे पहिली पाळी लावून घेतली होती, म्हणजे सकाळी सात ते तीन काम आणि मग मी. शेवटच्या शुक्रवारी मॅनेजर प्रत्येकाशी इंग्रजीत बोलणार आणि दोघांना पाळीचा इनचार्ज करणार. इनचार्ज म्हणजे जनरल पाळी. सकाळी नऊला यायचं, संध्याकाळी सहाला सुटायचं, कायमचं.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर काळ लिहिले. वर्तमान, भूत, भविष्य. सगळ्यात पुढे बसलेला काशिनाथ डोळे उघडे ठेवून झोपला होता. चाळिशीचा, काटक माणूस, नेऱ्याकडच्या गावातून मोटरसायकलवर येणारा. चौदा वर्षं पाळ्या करून त्याचे डोळे कायम लालसर झालेले. मी म्हटलं, "अंडरस्टँड?" आठही जण म्हणाले, "येस मॅडम." काशिनाथचा आवाज तर सगळ्यात मोठा होता.

माझ्यासारख्या ज्या निवृत्त मास्तरणींना कुणी असं बोलावेल, त्यांच्यासाठी सांगते. आधी चहा द्या. काळ शिकवू नका. माणूस दिवसभर ज्याला हात लावतो त्याच्यापासून सुरुवात करा. मी दुसऱ्या दिवशी फळा पुसून टाकला आणि त्यांच्याकडून प्लांटमधल्या वस्तू मागवल्या. एक जुना व्हॉल्व्ह आला, हातमोजे आले, एक गेज आलं. वस्तू हातात आल्यावर शब्द आपोआप आले. रोज दोनच वाक्यं, पण ती चालत चालत, हाताने करून म्हणायची. खुर्च्यांच्या टाक्या केल्या. मला वाटलं, जमतंय. रात्री पाय गरम पाण्यात ठेवताना मी वैशालीला तसं सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, वर्ग सुरू होताना मॅनेजर स्वतः आले. उंच, घाईतले, वाईट माणूस नाही. उभ्याउभ्याच त्यांनी भराभर एक सूचना दिली आणि विचारलं, "अंडरस्टूड?" आठ जण म्हणाले, "येस सर." ते गेले. मी विचारलं, "काय म्हणाले साहेब?" कुणी छताकडे बघितलं, कुणी बुटाकडे. मी चिडले, दमले होते म्हणून जास्तच चिडले, आणि वर्ग लवकर सोडला.

रिक्षा बघत गेटबाहेर उभी होते, तेव्हा टपरीवर माझाच वर्ग भरलेला दिसला. हातात कटिंग घेऊन सात जण गोल उभे होते.

"माझ्या कानाव पंप आला. पंप नंबर टू."

"ट्यूसडे बोलला तो. मंगळवार."

"स्टार्ट पण होता त्याच्यात."

"मंग मंगळवारी दोन नंबर सुरू करायचा. झाला," काशिनाथने निकाल दिला आणि चहा संपवला.

तेवढ्यात तळोजा गावातला शंकर धावत आला. तो या सगळ्यांत तरुण, कपडे कडक इस्त्रीचे. त्याला बाथरूममध्ये उशीर झाला होता. "अरे, डोन्ट बोलला सायब! डोन्ट स्टार्ट. मंगळवारपर्यंत सुरू नाय करायचा. सील बदलतायत त्याचा."

सगळे हसले. शंकरच्या पाठीवर थाप पडली. माझ्या मात्र अंगावर काटा आला.

"हे रोज असंच चालतं?" मी काशिनाथला विचारलं.

"आजची गोष्ट नाय बाई. जुने सायब हिंदीत बोलायचे, तवापण असाच. सायबासमोर समजला नाय असा बोलायचा नसतो. येस बोलायचा, मंग हितं येऊन जमवायचा. प्रत्येकाला एक तुकडा ऐकू येतो. आजपर्यंत काय झाला नाय."

"शंकर आज सुट्टीवर असता तर?"

काशिनाथने रिकामा ग्लास टपरीवर ठेवला.

त्या रात्री मला माझे चौतीस वर्षांचे वर्ग आठवत राहिले. "समजलं का?" मी रोज विचारायचे आणि पोरं रोज हो म्हणायची. शाळेच्या मैदानावर त्यांचीही अशीच टपरी भरत असणार. मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

शुक्रवारी मी फळ्यावर एकच गोष्ट लिहिली. नो सर, प्लीज से अगेन. समजलं नाही तर हे म्हणायचं, समजलं तर ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, नुसतं येस कुणी म्हणायचं नाही. सोपं वाटतं ना? आठ बाप्ये, कुणी ॲसिडच्या टाक्यांवर चढणारे, त्यांच्या तोंडून 'नो सर' निघेना. मी मॅनेजर झाले, खुर्चीवर बसले, आणि माझ्याकडे बघूनसुद्धा 'येस'च बाहेर पडायचं.

रविवारी काशिनाथने घरी पोपटीला बोलावलं. पनवेल मागे पडलं की डोंगर जवळ येतात, हवा स्वच्छ होते. फार्महाऊसांच्या लांबच लांब भिंती आणि मधूनमधून वालाची शेतं. अंगणात मडकं पालथं घालून जाळ केला होता. पोपटी (भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) मी पहिल्यांदाच खाल्ली, आणि बोटं भाजली तरी थांबले नाही. काशिनाथची बायको सुनंदा तांदळाची भाकरी वाढता वाढता सांगत होती, "दोन रात्री झाल्या, मला सायब करतात. मी मराठीत कायतरी बोलायचा, यांनी नो सर बोलायचा. बाई, मला कदी नाय बोलले नाय हे, सायबाला काय बोलतील!"

काशिनाथ हसला. मग शेंगा सोलत हळूच म्हणाला, "चौदा वर्षांत हे दोन आठवडेच लागोपाठ रात्री घरी जेवलो, बाई. सवय लागली."

मी शेंगा खात राहिले.

शेवटचा शुक्रवार. मी मॅनेजरांना आधीच विनवलं होतं की नुसतं 'अंडरस्टूड' विचारू नका, करून दाखवायला लावा. त्यांना वेळ नव्हता. मी कँटीनच्या कोपऱ्यात बसले. शंकर गेला, ताठ बसला, प्रत्येक वाक्याला कडक "येस सर" म्हणाला. आठवडाभर मी घोकून घेतलेलं साहेबांसमोर विरघळून गेलं. दुसऱ्याचंही तेच, तिसऱ्याचंही. मग काशिनाथ. साहेबांनी एक लांबलचक सूचना दिली आणि विचारलं, "अंडरस्टूड?"

काशिनाथच्या मानेची शीर उडताना मला लांबून दिसली.

"नो सर. प्लीज से अगेन."

साहेबांनी भुवया उचलल्या. पुन्हा सांगितलं. काशिनाथ पुन्हा म्हणाला, "नो सर." तिसऱ्यांदा त्यांनी सावकाश सांगितलं, आणि काशिनाथने ते सगळं, मोडकं का होईना, एकही तुकडा न गाळता परत म्हणून दाखवलं. मला टाळी वाजवावीशी वाटली.

साडेपाचला वैशाली नावं घेऊन आली. शंकर आणि आणखी एक. "काशिनाथमध्ये आत्मविश्वास कमी वाटला म्हणे," ती खाली बघत म्हणाली. मला राग आला. साहेबांचा थोडा, स्वतःचा बराच. मीही येस घोकून घेतलं असतं तर?

पाय ओढत टपरीवर गेले. काशिनाथ होताच.

"माझ्यामुळे गेलं तुझं," मी म्हटलं.

"नाय बाई." त्याने माझ्यासाठी कटिंग सांगितला. "सोमवारपासून दुसरी पाळी, तीन ते रात्री अकरा. सुनंदाला सांगायचा हाय फक्त."

शंकर बाजूला उभा होता. नव्या इनचार्जचं अभिनंदन करून सगळे पांगले, तरी तो जाईना. शेवटी काशिनाथजवळ येऊन म्हणाला, "सायबांनी उद्याच्या टाकीचा सांगितला. मी येस बोललो. मला नाय समजला. तुमाला काय वाटतो?"

काशिनाथने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी नव्हतो तिथं. मी अंदाज नाय सांगणार." त्याने ग्लास खाली ठेवला. "सायब अजून हायेत. चल, दोघं जाऊन विचारू."

"काय बोलू मी त्यांना?"

"मी बोलतो पयला. मला सवय झाली."

दोघे गेटमधून परत आत गेले. मी चहा घेतला, तो गार झाला होता.

शनिवारी परतीची एसटी घाटात तासभर अडकली. कराडला घरात पाऊल टाकलं तेव्हा सात वाजले होते. यजमानांनी खिचडी टाकली होती. "जमलं ना सगळं?" त्यांनी विचारलं. ते नेहमी हेच विचारतात आणि चौतीस वर्षं मी चप्पल काढता काढता हो म्हणत आले.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी गॅस बंद केला, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.