शिंकणारी सून

माझं माहेर रत्नागिरीकडचं, समुद्राच्या काठचं. तिथे मला साधी सर्दीही कधी टिकली नाही. लग्न होऊन सेलूला आले, पहिला पावसाळा सरला आणि शिंका सुरू झाल्या. एकीमागून एक. डोळ्यांतून पाणी, नाक लाल.

सासऱ्यांचं बाजारात किराणा दुकान. त्यांना मी मामा म्हणते. माणूस प्रेमळ, पण निघताना कुणी शिंकलं की बाहेर पाऊल टाकायचे नाहीत. चपला काढून आत यायचे, बसायचे, घोटभर पाणी प्यायचे, मग निघायचे. एका सकाळी ते उंबऱ्यापर्यंत जात होते आणि परत येऊन बसत होते. मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर दाबून उभी, तरी शिंक ऐकेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आता दुकानात जाऊच नका, इथंच तांब्या घेऊन बसा!"

मी रडायच्या बेतात होते. मामा आत आले. वाटलं, आता बोलणार.

"पोरी, किती शिंकायलीस! चल, दवाखान्यात जाऊ."

त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. परभणीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून विचारलं, "घराजवळ गाजरगवत आहे का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. घरामागचा अख्खा मोकळा प्लॉट त्या पांढऱ्या फुलांनी भरला होता. मी तर खिडकी उघडून कौतुकानं बघत बसायची! डॉक्टरांनी गोळ्या आणि नाकात मारायचा फवारा दिला. खिडक्या बंद ठेवा, कपडे घरात वाळवा, बाहेरून आलं की तोंड धुवा. आणि गवत उपटायचं ते फुलायच्या आधी, असं बजावलं.

पुढच्या पावसाळ्यात गवत वीतभर वाढलं, तसे मामा हातात मोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून प्लॉटमध्ये उतरले. शेजाऱ्यांनी विचारलं, "काय करायलाव, मालक?"

"सुनंचं औषध करायलोय."

लोक हसले, मग तेही हात लावू लागले. मला खिडकीच्या काचेतूनच बघायची परवानगी होती.

त्या वर्षी शिंका आल्या, पण अगदी थोड्या. चैत्रात कडुनिंब फुलला की अजूनही येतात, तेव्हा फवारा जवळ ठेवते. पण खरी गंमत सासूबाईंची. दिवाळीचा चिवडा करताना त्या एकदम म्हणाल्या, "अगं, औंदा माझे बी डोळे खाजले न्हाईत! मला वाटायचं, फोडणीनं व्हतंय. ह्यांना दरसाल मिरची बदलून आणायला लावली की मी!"