पहिल्या पंगतीचे कुत्रे

मुंबईच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं कुत्र्यांचा रक्तदाब मोजला. नोकरीच तशी होती. कुत्र्याला भूल द्यायची, मानेतल्या धमनीत नळी घालायची, की काजळी धरलेल्या कागदावर दाबाची रेघ उमटू लागे. नवं औषध टोचल्यावर ती रेघ खाली यावी, एवढंच आमचं मागणं. पण कधी ती जागची हलायची नाही, तर कधी इतकी खाली जायची की कुत्राच जायचा. आमचे सर शांतपणे म्हणायचे, "उद्या पुन्हा." ते ऐकून माझं डोकं उठायचं. तिकडे दिवेआगरला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दाब दोनशेच्या वर होता आणि त्यांच्यापाशी किती उद्या उरले होते कुणास ठाऊक!

शेवटी रेघ खाली आली आणि खालीच राहिली. पुढे माणसांनाही औषध लागू पडलं, गोळ्या निघाल्या आणि मी बाटली घेऊन घरी गेलो. अण्णा ओटीवर सुपारी सोलत बसले होते.

"हे आधी कुणाला दिलं होतंत?" त्यांनी विचारलं.

"कुत्र्यांना. म्हणून तर भरवशाचं आहे."

त्यांनी बाटली दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. "आपल्याकडे कुत्र्याला शेवटी घालतात रे. तुम्ही त्याला पहिल्या पंगतीला बसवलंत. आता त्याचं उष्टं मी खाऊ?"

मी समजावलं, चिडलो, पाया पडलो. ही गोळी कुठल्याही कुत्र्याच्या तोंडाला लागलेली नाही, असं शपथेवर सांगितलं. आई म्हणाली, "घ्या हो, पोर एवढं जीव तोडून सांगतंय." पण कुत्रं नुसतं हुंगून गेलं तरी दुधाचं अख्खं पातेलं ओतून देणारा माणूस तो! दर सुट्टीत हाच वाद आणि दर सुट्टीत मी तणतणत परत.

मग एका पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोर्लीहून आलेले डॉक्टर म्हणाले, आता तरी दाब उतरवायलाच हवा. मी गोळी कुस्करून पिकल्या केळ्यात कालवली. अण्णांना सगळं कळत होतं. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात आता जोर नव्हता. मी चमचा पुढे नेला.